मॅडमचा मेल आणि साहेबांचा खर्रा

दातांच्या डॉक्टरकडे जेवढे किस्से साठतात, तेवढे दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे साठत नसतील. कारण सरळ आहे. आमचा पेशंट अर्धा तास तोंड उघडून बसतो आणि त्या अर्ध्या तासात त्याला बोलता येत नाही. मग मी हात बाहेर काढला रे काढला, की तुंबलेलं सगळं एकदम बाहेर! सासू, शेत, सिमेंट कंपनी, जावई, काही शिल्लक ठेवत नाही. पण आज सांगणार आहे ते किस्से पेशंटचे नाहीत, आमचेच आहेत. आमचे म्हणजे गडचांदूरच्या आमच्या दवाखान्याच्या ईमेल न्यूजलेटरचे. तुम्ही हसाल. मीही हसते. फक्त माझं हसू अर्धं लाजेचं असतं.

मंडळी थोडीच आहेत. मी डॉक्टर. काउंटरवर रंजनाताई, दवाखाना उघडला त्या दिवसापासून आमच्याकडे. आणि मंगेश, म्हणजे माझा नवरा, मूळचा पोंभुर्ण्याचा. आधी सिमेंट कंपनीच्या एका ठेकेदाराकडे कॉम्प्युटरवर बसायचा, आता दवाखान्याचा मॅनेजर. पेशंट त्याला साहेब म्हणतात.

मधे झालं असं, की चंद्रपुरात एसीवाली, सोफेवाली डेंटल क्लिनिकं उघडली आणि कंपनीच्या कॉलनीतले आमचे पेशंट हळूहळू तिकडे वळायला लागले. मंगेश चार दिवस इंटरनेटवर वाचत बसला आणि पाचव्या दिवशी त्यानं जाहीर केलं, "मॅडम, आता ईमेल न्यूजलेटर काढू. दर महिन्याले पेशंटले आपली आठवण आलीच पायजे!" दवाखान्यात तोही मला मॅडमच म्हणतो.

मजकूर मी लिहायचा, सजवायचा आणि पाठवायचा त्यानं. विषय शोधावा लागला नाही. आमच्या भागात पेशंटनं तोंड उघडलं की आधी खर्रा दिसतो, मग दात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरून ठेवायचा, दिवसभर, वर्षानुवर्षं. आतली कातडी कडक होत जाते, तोंड कमी कमी उघडायला लागतं, आणि त्याच्या पुढचं मी नागपूरला पाठवलेल्या पेशंटच्या बायकांना विचारा. म्हणून प्रत्येक अंकात खर्र्याविरुद्ध काहीतरी असायचंच.

आणि तो अंक सजवताना मंगेशच्या डाव्या गालात खर्रा असायचा!

"हा अंक जाऊ दे, पुढच्या अंकापासून बंद," हे तो प्रत्येक अंकाला म्हणतो. माझ्या खुर्चीत तपासायला मात्र बसत नाही. "घरच्या माणसाले कोणी तपासते का?" म्हणतो आणि उठून जातो. साऱ्या तालुक्याच्या तोंडात बघणाऱ्या बाईला नवऱ्याचं तोंड बघायला मिळत नाही. याची मला लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त वाटते. तेवढं लक्षात ठेवा आणि पुढचं ऐका.

*

न्यूजलेटर पाठवायचं तर ईमेल आयडी हवेत. रंजनाताई प्रत्येकाला विचारायला लागली. कॉलनीतले लोक पटकन सांगायचे. पहाडावरच्या एका गावातले लोक मात्र सगळे एकच सांगायचे! "ईमेल ना? तो प्रफुलकडे हाय." प्रफुल म्हणजे त्या गावातला सेतू केंद्रवाला. दाखला असो, फॉर्म असो, सातबारा असो, अख्ख्या गावाची कामं तो स्वतःच्या ईमेलवरूनच करतो. रंजनाताईनं बिचारीनं प्रत्येकाच्या नावापुढे तोच आयडी लिहिला.

मंगेश एक नवीन युक्ती शिकला होता. मेलमधे पेशंटचं नाव आपोआप येणार आणि त्याचं कुठलं काम राहिलं आहे तेही येणार. "पेशंटले वाटलं पायजे, मॅडमनं खास मायासाठी लिहिलं!" झालं. प्रफुलच्या ईमेलमधे एका सकाळी गावातल्या सगळ्यांच्या दातांची खबर येऊन पडली.

प्रफुल कर्तव्यदक्ष माणूस. त्यानं सरळ ग्रामपंचायतीचा भोंगा लावला. "शेवंताबाई, तुमची दातं साफ करायची राह्यली हायत. मॅडमनं बलावलं हाय. गोविंदभाऊ, तुमची दाढ सडली हाय, उशीर नोका करू."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई दवाखान्यात हजर. पदर खोचलेला. "काऊन वो मॅडम, माही दातं घाण हायत असं साऱ्या गावाले काऊन सांगतलं तुमी? माही सून हासून राह्यली न!"

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाचं तोंड ही त्याची खासगी गोष्ट, आणि ती आम्ही भोंग्यावर नेली होती. मी माफी मागितली, एक पैसा न घेता दात साफ करून दिले. तरी बाई खुर्चीतून उठेना. म्हणाली, "आता भोंग्यावर सांगा, साफ झाली म्हनून!"

मी प्रफुलला फोन केला. त्यानं संध्याकाळी तेही सांगितलं. मेलमधून नावं आणि दात मी त्याच दिवशी काढायला लावले. पण पुढच्या आठवड्यात शेवंताबाईच्या गल्लीतल्या दोघी आल्या. तपासायच्या आधीच रंजनाताईला विचारलं, "आमचं बी भोंग्यावर सांगसान ना?"

*

मग मंगेशनं वाचलं की मेलचा विषय असा पाहिजे, की माणसानं उघडल्याशिवाय राहूच नये. मी लिहिला होता साधा लेख, दातांवरच्या किटणाबद्दल. मी विषय दिला होता, "दातांवरचं किटण आणि आपण." मंगेश म्हणाला, "हे कोन उघडते?" आणि मला न विचारता बदलला.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी दारात कंपनीतला एक फोरमन उभा. बरोबर बायको, तिचे डोळे सुजलेले. बरोबर बायकोचा भाऊ. हा भाऊ अहेरीला वनखात्यात गार्ड. बहिणीचा रडका फोन गेला म्हणून सुट्टी टाकून पहाटेच्या गाडीनं आला होता. फोरमनच्या हातात सगळे जुने एक्सरे.

"मॅडम, स्पष्ट सांगा," भाऊ म्हणाला. "आमी सारे तयार हाओत. भाऊजीच्या तोंडात काय सापडलं?"

मला काही कळेना. फोरमननं मोबाइल पुढे केला. आमचाच मेल. विषय होता, "तुमच्या तोंडात काय सापडलं, माहीत आहे का?"

खाली माझं नाव आणि माझा हसरा फोटो!

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, समजावलं, की हे सगळ्यांना गेलेलं पत्र आहे, तुम्हाला काही झालेलं नाही, आणि सापडलं म्हणजे किटण. बायको पुन्हा रडायला लागली, या वेळी बरं वाटून. मला तिच्याकडे बघवेना. दोन दिवस त्या घरात चूल नीट पेटली नव्हती, आणि आम्हाला हवं काय होतं, तर लोकांनी मेल उघडावा!

 गार्ड मात्र म्हणाला, "म्हंजे काईच नाई? मंग मी अहेरीवरून कायले आलो?" थोडा विचार केला आणि खुर्चीत जाऊन बसला. "आता आलोच हाओ तं माही दाढ पाहून घ्या."

दाढ काढावी लागली. मंगेशनं दारातून डोकावून पाहिलं आणि मला खुणेनं अंगठा दाखवला. "पाहा मॅडम, मेल चालते!"

*

हा किस्सा तर मी कुणाला सांगतही नाही.

त्या महिन्याचा अंक खास होता. मथळा, "खर्रामुक्त हसू". मंगेशनं माझा फोटो काढला, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी, पांढरा कोट, हाताची घडी, एकदम टापटीप. मी स्वतः वाचून, तपासून पाठवायला सांगितला. रात्रीपर्यंत न्यूजलेटरच्या इतिहासातलं पहिलं उत्तर आलं! मी आनंदानं उघडलं. कॉलनीतल्या एका पेशंटनं लिहिलं होतं, "मॅडम, बाल्याभाऊचा खर्रा हाय ना? गाठ ओळखली."

मी फोटो मोठा करून पाहिला. माझ्या कोपराच्या मागे, कीबोर्डच्या बाजूला, खर्र्याची पन्नी. वर लाल रबर, दोन वेढे आणि गाठ.

बाल्याभाऊचा पानठेला आमच्या दवाखान्याच्या अगदी समोर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ठेल्याच्या फळीवर आमच्या न्यूजलेटरची रंगीत प्रिंट! खाली स्केचपेननं लिहिलेलं, "मॅडमच्या दवाखान्यात इथलाच खर्रा चालतो."

मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, "बाल्याभाऊ, हे काढा. लोक काय म्हणतील?"

बाल्याभाऊ जराही रागावला नाही. म्हणाला, "मॅडम, तुमी दर महिन्याले मायाविरुद्ध एवढं लिहिता, मी कधी एक शब्द बोललो का? एक डाव माही जाहिरात झाली तं तुमाले राग येऊन राह्यला."

 बरोबरच होतं त्याचं. त्यानं प्रिंट काढली, घडी करून माझ्या हातात दिली. मी वळले तर मागून हाक आली.

"मॅडम, साहेबाचा घोटून तयार हाय. संग देऊ का?"

*

माझ्या सासूबाई पोंभुर्ण्याला असतात. मोबाइल उत्तम वापरतात. मंगेशनं यादी फुगवायला सगळ्या नातेवाइकांचे आयडी टाकले, त्यात त्यांचाही होता. त्या प्रत्येक अंक चष्मा लावून वाचतात आणि मला फोन करून सांगतात. एकदा त्यांनी विचारलं, "सूनबाई, तू लिवते तं चांगलं. पन हे मंगेशले काऊन नाई धाडत?"

खरंच की! साऱ्या जगाला मेल जात होता, पाठवणाऱ्यालाच जात नव्हता. मी त्याच दिवशी त्याचा आयडी यादीत टाकला. त्याला काही बोलले नाही.

पुढचा अंक गेला. अंकाच्या शेवटी एक बटण असतं, ज्याला मेल नको असेल त्यानं दाबायचं. आमच्या पेशंटपैकी ते कुणी कधी दाबलं नव्हतं. लोक वाचत नसतील, पण दाबत नव्हते. त्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरवर सूचना आली, एका सदस्यानं नाव कमी केलं. पाहिलं तर मंगेश.

नाव कमी करताना कारण विचारतात. चार-पाच कारणं लिहिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. ती कारणं मराठीत मंगेशनंच लिहिली होती. त्यानं निवडलेलं कारण होतं, "मी यासाठी कधीच नाव दिलं नव्हतं."

संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "वाचला का अंक?" म्हणाला, "वाचला. डिझाइन मस्त झालं."

*

एकदा चुनखडीच्या खाणीवर डंपर चालवणारा तुळशीराम आला. हा माझा जुना पेशंट, खर्र्याचा पक्का. तोंड बऱ्यापैकी आखडलेलं. त्याला मी कितीदा समजावलं असेल, रागावले असेन, फोटो दाखवले असतील. काही फरक नाही. आणि त्या दिवशी तो पेढे घेऊन आला!

"मॅडम, सोडला. पोरीनं मोबाइलवर तुमचा मेल दाखवला. त्यातलं ते चित्र पाह्यलं, बाप खाऊन राह्यला आन पोरगी दारात उभी हाय ते. माह्यानं पाहवलं नाई. त्या दिवसापासून हात नाई लावला."

ते चित्र माझं नव्हतं. मी फक्त मजकूर दिला होता. चित्र मंगेशला सुचलं होतं, त्यानंच जमवलं होतं. मी म्हटलं, "ते साहेबांनी केलंय," आणि हाक मारली.

मंगेश आतून आला. गाल भरलेला. तुळशीराम तसाच पुढे झाला आणि वाकून त्याच्या पाया पडला. "साहेब, तुमच्यामुळं सुटला! माह्या घरचे तुमाले आशीर्वाद देऊन राह्यले."

मंगेशला तोंड उघडता येईना. थुंकायला जागा नाही, गिळताही येत नाही. तो नुसती मान हलवत राहिला, हात जोडत राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशानं आलं मला माहीत नाही. मी जमिनीकडे पाहत होते. रंजनाताई उगाचच पेढ्याचा डबा उघडत होती.

जाताना तुळशीराम मला हळूच म्हणाला, "किती साधा मानूस हाय जी! एवढं केलं, पन एक शब्द बोलला नाई."

*

आता आमचा सगळ्यात गाजलेला अंक.

मला लोकांना घरच्या घरी तोंड तपासायला शिकवायचं होतं. मी लिहिलं होतं ते पुस्तकातलं, तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. मंगेशनं वाचलं आणि म्हणाला, "बोटं कोनी घालत नाई, मॅडम. गुपचुप लिही." आमच्याकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. "अख्खा गुपचुप, न फोडता, एका घासात तोंडात जाते का, एवढंच इचार. नाई गेला तं दवाखान्यात ये म्हन. पयले तेच बंद होते."

मी लेखणीच खाली ठेवली. एवढी सोपी, एवढी अचूक गोष्ट मला इतकी वर्षं सुचली नव्हती! "वा! तुला कसं सुचलं रे?"

"सुचलं असंच," म्हणाला आणि कॉम्प्युटरकडे वळला.

अंक गेला आणि उडालाच! लोकांनी तो व्हॉट्सअॅपवर टाकला, प्रफुलनं भोंग्यावर वाचून दाखवला, शाळेतल्या एका मास्तरांनी फळ्यावर लिहिला. बसस्टँडवरच्या गुपचुपच्या गाडीवर पाटी लागली, "इथे मॅडमची टेस्ट होते." संध्याकाळी तिथे ही गर्दी! जो तो तोंड वासून मित्राला दाखवतोय, बायका नवऱ्यांना धरून आणतायत. आठवडाभरात माझ्याकडे जितके लोक तोंड तपासायला आले तितके वर्षभरात येत नाहीत. त्यातल्या काहींना वेळेवर पुढे पाठवता आलं. चंद्रपूरच्या सोफ्यावर बसणारे आमचे दोन जुने पेशंटही परत आले. मला पहिल्यांदाच आमच्या न्यूजलेटरची लाज वाटली नाही.

रंजनाताई म्हणाली, "चाला मॅडम, आपनही जाऊ. पार्टी तं झालीच पायजे." दवाखाना बंद करून आम्ही तिघं बसस्टँडवर गेलो. मंगेश नको म्हणत होता. हिशोब राहिलाय म्हणाला, पोट बरं नाही म्हणाला. रंजनाताईनं ऐकलंच नाही.

आम्हाला पाहून गर्दीनं वाट करून दिली. गाडीवाला खूश! "या मॅडम! आन साहेब, तुमचा मान पयला. टेस्ट तं तुमीच काढली म्हनते!" त्यानं एक टम्म फुगलेली पुरी निवडली, आलू भरला, पाण्यात बुडवली आणि द्रोणात मंगेशच्या हातावर ठेवली.

सगळे त्याच्याकडे बघत होते. मंगेशनं द्रोण जवळ घेतला. अंगठ्यानं पुरी दाबून फोडली, पाणी द्रोणात सांडू दिलं, आणि एक एक तुकडा उचलून कडेनं तोंडात घातला.

"मले असाच आवडते," तो म्हणाला.

लोक खो खो हसले. "साहेब फेल! साहेब फेल!" कुणीतरी ओरडलं. मंगेशही हसला, ओठ मिटून. रंजनाताई हसता हसता मधेच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

गाडीवाला दुसरी पुरी हातात घेऊन उभा होता. "मॅडम, साहेबाले अजून एक देऊ का?"

"दे," मी म्हटलं. "लहान पाहून दे."